चाकणला घडलेला खुबा

विट्याहून आम्ही पहाटे निघालो. ओळखीच्या माणसाची गाडी होती. मागच्या सीटवर उशांचा ढीग रचून शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, अर्धवट आडवं बसवलं होतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण नातेवाइकांची लग्नं सोडली तर आम्ही दोघांनी मिळून असा प्रवास फारसा केलेला नव्हता. आणि निघालो होतो ते काय, तर तिच्यासाठी नवा खुबा (मांडी कमरेला जोडणारा सांधा) कसा घडवणार ते पाहायला!

दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा बदलला होता. पुढे आतली धातूची वाटी सैल झाली, भोवतालचं हाड झिजलं आणि सांधा दोनदा निसटला. दुसऱ्या वेळी ती ओट्याशी उभी होती. तिचा तेव्हाचा आवाज मी जन्मात विसरणार नाही. पिंपरीचे डॉक्टर म्हणाले, "तयार मापाची वाटी आता टिकणार नाही. यांच्या हाडाच्या मापानं नवी छापून घ्यावी लागेल. चाकणला जाऊन या. तिथल्या मुलीला यांच्याशी बोलायचंय." 'यांच्याशी' म्हणताना त्यांनी शालनकडे बोट केलं होतं.

मुक्काम दिघीला, माझ्या पुतण्याकडे, विनायककडे होता. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. गॅलरीतून लष्कराच्या हद्दीतली झाडी दिसायची. शालनला ती गॅलरी फार आवडली.

दुसऱ्या दिवशी विनायकनं एक व्हॅन ठरवून दिली. चालक बबनराव चाकणजवळच्याच गावचे, साठीच्या आसपासचे. भोसरी सोडून नाशिक रस्त्याला लागलो आणि मोशीला अडकलो. पुढे नव्याकोऱ्या मोटारी लादलेला ट्रेलर, मागे कंपनीच्या बसगाड्या. तासाभरात गाडी चार हात सरकली असेल.

"रोजचंच हाय ह्ये," बबनराव म्हणाले. "ताई, दुखतंय का? गाडी कडंला घिऊ?"

"नको," शालन म्हणाली. "तुम्ही इथलेच का?"

"व्हय. ती निळी शेड दिसती न्हवं, तितं आमचं बटाट्याचं वावर (शेत) व्हतं. आता माजा ल्योक त्याच शेडमदी शिफ्टला जातो. आमी न्हाई आत जात. गेटवर पास मागत्यात."

एवढं बोलून ते हसले. शालन मात्र ती शेड मागे पडेपर्यंत वळून बघत राहिली.

चाकणच्या बाजाराजवळ कांद्याचा उग्र वास आला आणि त्यानंतर कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या. आम्ही आधी चुकीच्या गेटवर पोहोचलो. शालन वॉकर टेकत पन्नास पावलं चालून गेल्यावर सुरक्षारक्षक म्हणाला, "हे न्हवं काका, मागलं गेट." ती पन्नास पावलं पुन्हा उलटी. तिनं फक्त ओठ घट्ट मिटून घेतले.

खुब्याची आखणी करणारी मुलगी दारातच भेटली. नाव प्राजक्ता, वय तिशीच्या आत. चाकणजवळच्याच शेतकऱ्याची मुलगी. तिनं शालनच्या हातात एक पांढरा प्लॅस्टिकचा आकार ठेवला.

"काकू, हे तुमचं हाड. स्कॅनवरून छापलंय."

शालननं तो तुकडा उलटासुलटा करून पाहिला. कडेला उंदरानं कुरतडल्यासारखा खड्डा होता. "एवढं झिजलं?" ती हळूच म्हणाली.

मग संगणकावर प्राजक्तानं नवी वाटी दाखवली. वाटीला तीन पाकळ्या होत्या आणि जिथं चांगलं हाड उरलं होतं तिथं त्या स्क्रूनं बसणार होत्या. मी जन्मभर मोजणी खात्यात नोकरी केलेला माणूस. शेताच्या बांधाला वीतभर इकडेतिकडे होतंच, हे आम्ही गृहीत धरायचो. इथं केसाच्या जाडीचा हिशेब चालला होता. मी हरखून गेलो आणि प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटलो.

काचेपलीकडे यंत्र चालू होतं. टायटॅनियमची राखाडी भुकटी एक पातं पातळसर पसरून जाई, तिच्यावर प्रकाशाचा ठिपका सरसर फिरे, बारीक ठिणग्या उडत आणि तेवढाच थर वितळून घट्ट होई. मग पुन्हा भुकटी, पुन्हा ठिपका. तयार झालेली, दुसऱ्या कुणाची तरी वाटी तिथं ठेवली होती. तिची बाहेरची बाजू खरखरीत, भोकाभोकांची होती.

"अनारशासारखी जाळी पडलीय," शालन म्हणाली.

प्राजक्ता मनापासून हसली. "काकू, अगदी तशीच! त्या जाळीत तुमचं हाड वाढतं आणि वाटी धरून ठेवतं."

मग तिनं खुर्ची शालनच्या समोर ओढली.

"आता मला सांगा, बरं झाल्यावर काय काय करायचंय तुम्हाला? कारण इथं दोन वाटा आहेत. आतला भाग कुलूप घातल्यासारखा बसवला, तर सांधा सहसा निसटणार नाही, पण पाय फार वाकणार नाही. थोडी मोकळीक ठेवली, तर जमिनीवर बसायचा प्रयत्न करता येईल. त्याची खात्री नाही, आणि निसटायची भीती थोडी जास्त."

शालननं तोंड उघडलं होतं. मी ते पाहिलं होतं.

"खाली बसायचं काही कारणच नाही," मी म्हणालो. "घरी खुर्च्या आहेत, डायनिंग टेबल आहे. तुम्ही पक्कं काम करा."

प्राजक्तानं शालनकडे पाहिलं. शालन हातातल्या प्लॅस्टिकच्या खड्ड्यावर अंगठा फिरवत होती.

परतताना बबनरावांनी एका खाणावळीत मासवडी (बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी, नाव काही असलं तरी मासा नाही) खाऊ घातली. झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. मी दोनदा रस्सा मागून घेतला. शालननं अर्धी भाकरी तशीच ठेवली. "दमले," म्हणाली.

इथं मला सांगायला हवं, की शालन गोधड्या शिवते. आमच्या गल्लीत जन्मलेलं एकही मूल तिच्या गोधडीशिवाय झोपलेलं नाही. जुनी लुगडी अंथरायची, त्यांवर स्वतः बसायचं आणि कडेकडेनं टाके घालत आत सरकत यायचं. अंगाचा भार पडला तरच थर हलत नाहीत. हे मला माहीत होतं. चाकणच्या त्या खोलीतही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. प्राजक्ता होती.

"काका, आज आराखडा कायम करायचाय. डॉक्टर म्हणाले, काकूंना एकदा स्वतंत्र विचारून घ्या. देता का त्यांना?"

शालन गॅलरीत होती. विनायकच्या बायकोला कसली तरी गंमत सांगत होती, हसण्याचा आवाज येत होता. आणि माझ्या कानात तो ओट्याजवळचा आवाज होता.

"झोपलीय ती," मी म्हणालो. "काल सांगितलं तसंच करा. तिचंही तेच म्हणणं आहे."

पुढचं सगळं नीट झालं. वाटी तंतोतंत बसली. सहा महिन्यांनी तपासणीसाठी पिंपरीला गेलो तेव्हा शालन रुग्णालयाच्या पायऱ्या काठीशिवाय चढली. प्राजक्ता दुसऱ्या रुग्णासाठी तिथं आली होती. शालनला चालताना पाहून तिचे डोळे भरून आले.

"त्या दिवशी फोन केला तर तुम्ही झोपला होतात," ती म्हणाली. "काका म्हणाले, खाली बसायचा तुमचा आग्रह नाही. मला उगीच रुखरुख होती. ठीक आहे ना सगळं?"

शालननं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो गं," ती म्हणाली. "मीच तसं म्हणाले होते."

बाहेर पिंपरीच्या बाजारात नेहमीची गर्दी होती. आम्ही रिक्षाची वाट बघत उभे राहिलो.

"तुला सांगायचं राहूनच गेलं बघ," मी म्हणालो.

"राहिलं नाही," ती म्हणाली. "सांगितलं नाहीत."

भाड्याच्या गाडीनं विट्याला परतताना खंबाटकीचा घाट आला, सातारा आला, कराडला चहाला थांबलो. ती ड्रायव्हरशी बोलली, माझ्याशीही बोलली, पाणी हवंय का, औषध घेतलंत का. त्यापलीकडे काही नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या सुनेला मुलगी झाली. गोधडीसाठी शेजारीणबाई लुगडी घेऊन आल्या. शालननं ती टेबलावर पसरून पाहिली. दोन ओळी टाके घातले आणि सगळ्या थरांना चुण्या पडल्या. तिनं टाके उसवले, लुगड्यांच्या घड्या घातल्या आणि परत दिल्या. "डॉक्टरांनी नको म्हटलंय," असं तिनं सांगितलं.

तिला पुन्हा निसटलेल्या सांध्यानं तळमळताना बघायचं नव्हतं, हे खरं. पण बघायचं नव्हतं मला, आणि मोकळीक गेली तिची. कदाचित तिनंही कुलूपच मागितलं असतं. ते आता कळायला मार्ग नाही. विचारलं तर ती म्हणते, "जाऊ द्या हो."

रोज सकाळी ती गावाबाहेरच्या देवळापर्यंत चालत जाते. मी सोबत असतो. वाटेत कुणी ना कुणी थांबवून म्हणतं, "वहिनींना अगदी जपलंत हं तुम्ही."

मी मान डोलावतो.