सगळी गाणी एका आवाजात

एक गाणं दबक्या आवाजात आणि पुढचं एकदम कानठळ्या बसवणारं, हे मला लहानपणापासून सहन होत नाही. गाणी लागली की मी एका जागी बसायचीच नाही. उठायचं, डेकचं बटण फिरवायचं, बसायचं, परत उठायचं. पायांना भिंगरी आणि तोंडाला पट्टा, असं आई म्हणायची.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, अगदी उलट. उचगावच्या घरी संध्याकाळी खुर्चीत बसले की समोर कॅसेटचा डेक, त्यावर आवाजाबरोबर वरखाली होणारी हिरव्या-लाल दिव्यांची रांग, आणि मांडीवर बोटांनी ताल. उभा जन्म फौंड्रीच्या भट्टीवर गेला, पण भजनी मंडळातला पखवाज त्यांचाच असायचा. पुढं गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी मंडळ सोडलं. घरातला ताल मात्र सुटला नाही. ते आवाज वाढवायचे, मी जाऊन कमी करायची. नव्वदच्या दशकातली आमची निम्मी भांडणं त्या बटणावरून झाली असतील.

पुढं दोन हजारनंतर मी राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले आणि मला एमपीथ्रीचा नाद लागला. गाण्यातलं जे कानाला तसंही जाणवणार नाही ते काढून टाकायचं, म्हणजे कॅसेटींचं अख्खं कपाट चार सीडींत मावतं. मग कळलं की दबका भाग वर उचलून आणि मोठा भाग दाबून सगळी गाणी एका आवाजात आणणाराही प्रोग्रॅम असतो. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. आबांचे अभंग, नाट्यपदं, लावण्या, काही सोडलं नाही. क्लास सुटला की तेच काम. आता त्यांनी निवांत ऐकावं आणि बटणाचा तंटा कायमचा मिटावा, एवढंच डोक्यात होतं.

जुन्या डेकलाच सीडी प्लेअर जोडून दिला. आवाज असा सपाट आला की मी आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास एका जागी बसले.

पण आबांची बोटं हलत नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आवाज कमी पडतोय म्हणून मी सगळ्या सीडी आणखी चढ्या आवाजात करून आणल्या. आबा नुसते डेककडं बघत बसले. मला चैन पडेना. वर्गात शिकवताना चुका व्हायला लागल्या. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले.

"का ओ आबा, एवढी मरमर केली, गाणी आवडली न्हाईत व्हय?"

"चांगली हाईत की."

"मग ताल का धरत न्हाईसा?"

त्यांनी डेककडं बोट केलं. "दिवं नाचंनात की गं. सगळं भरून थांबल्यात. ताल कशाचा धरू?"

मी डेककडं बघितलं. दिव्यांची रांग शेवटच्या लाल टोकापर्यंत पेटलेली होती आणि हलायचं नाव नव्हतं. सगळा आवाज एका पातळीत आणल्यावर ती हलणार कशी? आबा इतकी वर्षं गाणी बघत होते.

आमच्या घरात मीठसुद्धा गल्लीला ऐकू जाईल असं मागतात. अशा घरात कुणाचे कान गेलेले कुणाला कळायचे? तोंडाकडं बघून त्यांना आमचं बोलणं उमगायचं, आणि ते बटण मोठं करायला गेले की आम्ही त्यांना हट्टी म्हणायचो.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, "कवापास्नं ऐकू येत न्हाई, आबा?"

"वरडू नगंस," ते म्हणाले. "शेजारी म्हणतील, ह्यांचं परत भांडाण लागलं."

मी तर कुजबुजले होते.