माझ्या कागदावरचं अकरावं भोक

माझ्या मित्रानं मला फसवलं. जिल्ह्याच्या रायफल स्पर्धेत त्यानं स्वतः हरून मला जिंकवलं आणि त्या दिवसाचे पंच ते बघत उभे राहिले. मित्र आता नाही. पंच आहेत.

मी बारदानाचा व्यापारी. नगरच्या बाजारात रिकामी पोती घ्यायची, रफू करायची, पुन्हा विकायची, असं करत वर आलो. रायफल क्लबात शिरलो तेव्हा तिथं वकील होते, डॉक्टर होते, छावणीतून निवृत्त झालेले फौजी होते. आडवं पडून नेम धरायला अंगाखाली पोती लागतात, म्हणून मला सभासद करून घेतलं, असं एका वकिलानं चहा पिता पिता सांगितलं. मी त्याला पोतं दिलं नाही. तो वर्षभर सतरंजीवर पडला आणि कोपरं सोलून घेतली.

मित्र सुप्याकडचे बागायतदार. वयानं मोठे, म्हणून मी दादा म्हणायचो. ते मला शेठ म्हणायचे, त्यात आदर किती आणि चेष्टा किती याचा हिशेब मला कधी लागला नाही. रविवारी एस.टी.नं यायचे, धोतर खोचून चांदमारीच्या मैदानात पालथे पडायचे, आणि मग त्यांच्यात आणि जमिनीत फरक राहायचा नाही. प्रत्येक गोळीआधी समोरच्या पाटीवरचा आपला नंबर ओठातल्या ओठात वाचायचे. नव्या माणसालाही तेच शिकवायचे, आधी नंबर, मग नेम. कारण शेजाऱ्याच्या निशाणाच्या कागदावर गोळी जाणं यासारखी दुसरी नाचक्की आमच्यात नाही. ज्याची जाते त्यानं सगळ्यांना भजी चारायची. माझी गेली ती पहिल्याच महिन्यात, आणि नेमकी दादांच्या कागदावर. भजी खाताना ते म्हणाले, "शेठ, लई मेहरबानी. पेरलं तुमी, कणसं नेनार आमी."

दरवर्षी दादा पहिले, मी दुसरा. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी स्पर्धेच्या सकाळी मी त्यांना सांगितलं, "यंदा हरलो तर रायफल विकून टाकतो. पुन्हा इकडं फिरकायचा नाही."

"गिऱ्हाईक बघितलंय का?"

"बघितलंय." बघितलं नव्हतं.

"मग बरं हाय," म्हणाले आणि पाटीकडं बघत बसले.

शेवटच्या कागदावर प्रत्येकी दहा गोळ्या. माझी नववी घसरली आणि सातच्या वर्तुळात बसली. मी मोठ्यानं शिवी दिली. दहावी सुधारली, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. शेजारी दादांची एक गोळी उरली होती. मी मान वळवून त्यांच्याकडं बघत पडलो. त्यांचे ओठ हलले. कुठला नंबर म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग गोळी सुटली.

कागद काढून आणले तर माझ्या कागदावर अकरा भोकं, दादांच्यावर नऊ.

पंच म्हणजे निवृत्त सुभेदार. दिवसभर आमच्या पाठीमागं दुर्बीण लावून उभे असायचे. मी त्यांना म्हणालो, "ही सातची माझी."

"न्हाई वो सायेब, ती माझी," दादा म्हणाले. "हात हालला. गेली शेठच्या कागदावर."

"दादा, ती माझी आहे. मी शिवी दिलेली सगळ्यांनी ऐकली."

"शिव्या तुमी गोळी धाच्या वर्तुळात बसली तरी देता."

बाजारात इतकी वर्षं काढली, पण खराब माल आपलाच आहे म्हणून दोघं जण भांडतायत असं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यातला एक मी होतो.

सुभेदारांनी नियम वाचून दाखवला. कुठलं भोक कोणाचं ते ठरत नसेल, तर ज्याचा कागद त्याला त्यातली उत्तम दहा भोकं. माझा सात गेला आणि त्याच्या जागी दादांचा दहा येऊन बसला. दादांना त्या गोळीचा भोपळा. कप माझा.

दादांनी सगळ्यांना भजी चारली आणि स्वतःही पोटभर खाल्ली. हातची स्पर्धा गेलेला माणूस असा खात नाही. मनासारखा सौदा झालेला माणूस असा खातो. तो चेहरा मी रोज बघतो.

"दादा, खरं सांगा," मी म्हणालो.

"आता इकता का रायफल?"

"नाही."

"मग झालं की. मिरची घ्या."

सौद्यात मी उठून चालू लागतो ते मागून हाक यावी म्हणून. बाजारातल्या हमालालाही हे ठाऊक आहे. दादांनी नुसतं "शेठ, बसा" म्हटलं असतं तरी मी बसलो असतो. त्यासाठी स्पर्धा घालवायची गरज नव्हती. माझ्या घरातल्या सगळ्या वस्तू मी भाव करून घेतलेल्या आहेत. फुकट आलेली वस्तू एकच, तो कप, आणि तो मला नको होता. दोनदा त्यांच्या घरी पोचता केला. दोन्ही वेळा तो एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर परत आला.

पुढच्या वर्षी दादांनी मला सरळ हरवलं. त्याच उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेले. त्यांना खरोखर हरवायचं माझं तसंच राहिलं. दिवसकार्य झाल्यावर मी कप घेऊन पुन्हा गेलो. वहिनींनी पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "ह्यांनी सांगून ठिवलंय, शेठ कप घिऊन येतील, घ्यायचा न्हाई."

क्लबात शोकसभा झाली. सुभेदार बोलायला उभे राहिले. दादांची गोळी आयुष्यात कधी भलतीकडं गेली नाही, असं म्हणाले. मी जागेवरून विचारलं, "मग माझ्या कागदावर होती ती कोणाची?" वकिलानं मला हात धरून खाली बसवलं. म्हणाला, ही वेळ नाही. पुढं केडगावच्या रस्त्यावर सुभेदार भेटले तेव्हा पुन्हा विचारलं. पंचांचा निर्णय अंतिम असतो, म्हणाले आणि चालू लागले. मी हाक मारली. ते थांबले नाहीत.

म्हणून इथं जाहीर लिहितो. सुभेदारसाहेब, निर्णय बदलू नका. गुण तसेच राहू द्या. शेवटची गोळी सुटली तेव्हा तुमचा डोळा दुर्बिणीला होता. ती कुठं बसली ते तुम्ही पाहिलंत. सातचं भोक त्याआधीचं होतं, हेही तुम्हाला ठाऊक होतं. मग दादा खोटं बोलत असताना तुम्ही नियमाचं पुस्तक का उघडलंत? तुमचं दोघांचं आधीच बोलणं झालं होतं का? उत्तर लेखी नको, तोंडी चालेल. पण क्लबात, सगळ्यांसमोर द्या.