पुसलेला प्याला

बाबांनी प्याला ओठांना लावला, एक घोट घेतला आणि शेजारी दिला. शेजारी भास्करसाहेब होते. त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला. पांढरा, इस्त्रीचा. प्याल्याची कड पुसली. सगळीकडून, गोल फिरवून. मग प्याले.

प्रभुभोजनाचा रविवार होता. भिलाईतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं देऊळ नव्हतं. हिंदी उपासना आटोपली की दुपारी तेच सभागृह आम्हाला मिळायचं. टेबलापुढे ओळीनं गुडघे टेकायचे आणि एकच प्याला हातोहात फिरायचा. पुढच्या ओळीत पोलाद कारखान्याचे, सेक्टरमधल्या बंगल्यांतले ऑफिसर, मागच्या ओळीत आम्ही. असा नियम कुणी केला नव्हता. सगळे पाळत होते. बाबा त्या दिवशी कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या पाळीवरून सरळ आले होते. उशीर झाला होता. पुढे एक जागा रिकामी दिसली, तिथे टेकले.

भास्करसाहेब हळूच म्हणाले, पण सभागृहात इतकी शांतता होती की मागे आईजवळ मलाही ऐकू आलं.

"योहान, पुढच्या वेळेस मागे. आमचं झाल्यावर."

साहेबांनी प्याला पत्नीला दिला. मालतीबाईंनी तो न पुसता घेतला. रुमाल मात्र खिशात परत गेला नाही. बाकावर टाकून ते दोघं निघून गेले.

माझे आजोबा वर्ध्याकडच्या एका महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. भास्करसाहेबांचे पणजोबा ब्राह्मण होते. बाप्तिस्म्याच्या पाण्यात दोघंही बुडून वर आले होते. वर येताना साहेबांच्या घराण्यानं आपलं काही सोडलं नव्हतं, एवढंच.

पुढच्या प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब चरोद्याहून सायकलनं आमच्या कोहक्याच्या घरी आले. चहा घेतला. शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडलं. भावाला किती वेळा क्षमा करावी, असं शिष्य पेत्र येशूला विचारतो, तो उतारा वाचला. मग म्हणाले, "योहानभाऊ, मनात अढी ठेवून टेबलाजवळ येता येत नाही. साहेबांच्या बंगल्यावर जा. समेट करा."

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "पुसलं त्यायनं, अन् जायचं आमी? कावून?"

"बाई, क्षमा करणारा मोठा असतो."

"मंग एकडाव त्यायले होऊ द्या ना मोठं."

"बस कर वो," बाबा म्हणाले.

आईनं बाकावरून उचलून आणलेला तो रुमाल धुतला. तांब्यात निखारे भरून त्याची इस्त्री केली. कडा जुळवून घडी घातली. बाबांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि आम्ही बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. आम्ही पायरीखाली उभे राहिलो.

"साहेब, माह्या मनात काई नाही."

"बरं केलंस आलास ते. झालं गेलं." पेपर खाली आला नाही.

मालतीबाईंनी रुमालाकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. "राहू दे रे. तुम्हीच वापरा."

परतताना मी बाबांच्या पाठीला म्हटलं, "चुकलं, असं ते म्हणालेच नाहीत."

"त्याचं त्यानं पाहावं बेटा. माफ करनं माह्यं काम."

ते मनापासून बोलत होते. आजही मला स्वस्थ बसू देत नाही ते हेच. बाबा भ्याले असते तर सोपं होतं. ते भ्याले नव्हते. त्यांनी खरंच माफ केलं होतं. त्या माणसाच्या पदरात एवढं मोठं दान पडलं, आणि त्याला ते उचलायलाही वाकावं लागलं नाही.

आईनं रुमाल लोणच्याच्या बरणीला दादरा म्हणून बांधला. "घ्या, साहेबाचा रुमाल कामाले लागला," म्हणाली. बाबा हसले. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून बाबा शेवटच्या ओळीत, अगदी कडेला. प्याल्याच्या तळाचा घोट त्यांचा. त्यांच्यानंतर प्याला घ्यायला हात नसायचा, म्हणून रिकामा प्याला ते स्वतःच टेबलावर ठेवून यायचे. वर्षानुवर्षं. मी शिकले, एम. ए. झाले, कुम्हारीच्या शाळेत शिकवायला बसनं जाऊ लागले. बाबांची ती जागा बदलली नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांची छाती थकली आणि ते गेले.

स्मरण-उपासनेसाठी शास्त्रपाठ मी निवडावा, असं नव्या पाळकांनी सांगितलं. मी बाबांचं शास्त्र घेतलं. पेत्राचा तोच उतारा काढला. वाचायला बसले आणि सवयीनं, शिक्षिकेच्या सवयीनं, थोडं वरून सुरुवात केली.

वर लिहिलं होतं की भावानं अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि त्याचा अपराध त्याला दाखव. दोघंच असताना. ऐकलं नाही तर साक्षीला आणखी कुणाला ने. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. हे सगळं ऐकल्यावर मग पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू?

पाळकसाहेबांनी आमच्या घरी पान मधूनच वाचलं होतं.

बाबांच्या चष्म्याची काडी पानात खूण म्हणून होती. त्यांनी हे वाचलं असेल का? वाचून पुढे गेले असतील का? विचारायला माणूस नव्हता.

मी एकटी बंगल्यावर गेले. भास्करसाहेब म्हातारे झाले होते. तोच व्हरांडा. मी पायरी चढले, न विचारता खुर्चीत बसले आणि रुमालाची गोष्ट सांगितली.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "आणि आता त्याचं काय? योहाननं केव्हाच माफ केलं."

"आठवत नाही, तर माफ कशाचं केलं?"

ते खुर्चीतून उठले. "दुःखात आहेस तू. घरी जा."

स्मरण-उपासनेत ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, "योहानसारखा क्षमाशील माणूस मी पाहिला नाही. शेवटपर्यंत आपली जागा ओळखून राहिला."

लोकांनी माना डोलावल्या. नवे पाळक मला म्हणाले, "ताई, दोन शब्द बोला. तुमच्याही मनात कुणाविषयी काही नाही, एवढं सांगा."

मी उभी राहिले. उतारा वाचला, वरून. मग म्हणाले, "साहेब, माझ्या बापाच्या ओठांचा प्याला तुम्ही पुसला होता. त्यांची जागा त्यांनी ओळखली नाही, ती तुम्ही दाखवली."

"ही वेळ आहे का?" कुणीतरी मागून म्हणालं.

आई बसल्या जागेवरूनच बोलली. "मी पाह्यलं. रुमाल मीनंच धुतला. अजून बरनीवर हाय, पाहाचा असंन तं या घरी."

साहेब बसून राहिले. मालतीबाई उठून बाहेर गेल्या.

उपासनेनंतर पाळक समजावू लागले, "ताई, क्षमा हा तुमच्या वडिलांचा वारसा आहे. तो टाकू नका."

मी तो टाकलेला नाही. क्षमा माझ्याजवळ तयार आहे, बाबांची होती तेवढीच. पण ती घेऊन मी कुणाच्या पायरीखाली उभी राहणार नाही. ज्याला हवी त्यानं यावं, आपल्या तोंडानं म्हणावं, मी पुसला, आणि घेऊन जावं.

तोवर प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी मी पुढच्या ओळीत गुडघे टेकीन, भास्करसाहेबांच्या शेजारी, त्यांच्या आधी. बाबा टेकले होते तिथे. एक घोट घेईन आणि प्याला त्यांच्या हातात देईन. आणि ते पिईपर्यंत डोळे मिटणार नाही.