दोऱ्याखालची देवी

डोळखांबच्या वरच्या पाड्यात गुणाबाई म्हणून एक होती. जिभेची अशी तिखट, की तिच्या बांधावरून जायला गावची वासरंसुद्धा बिचकायची. पण जपानच्या लढाईच्या दिवसांत, भात पोटरीला आलेलं असताना, तिची यमू हिवतापानं पडली आणि त्या बाईची वाचाच बसली. दोन मुलगे आधीच मातीआड गेलेले; उरली होती ती ही एकटी. नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर.

भगतानं यमूच्या दंडात काळा दोरा बांधला. दंड वाळून काडी झालेला, दोरा घसरायचा. म्हणून गुणाबाईनं तो करकचून आवळला. सकाळी बघते तर हातभर बारीक लाल ठिपके.

सासू सकुबाईनं ते पाहिलं आणि हात जोडले. देवी आल्या म्हणाली. दाराला निंबाचा डहाळा लागला. आता घरात फोडणी नाय, औषध नाय, शिवेबाहेर पाऊल नाय. शहापूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, तेही राहिलं.

पोरगी बरळत होती, हिरड्यांतून रक्त येत होतं. देवीपुढं आईनं काय करायचं? बसून राहायचं. गुणाबाई बसल्या बसल्या ठिपकेच बघत राहिली. दोऱ्याच्या वर एकही नव्हता. तोंडावर नाही, छातीवर नाही. तोंड सोडून देवी दंडाखालीच कशा उतरतील? तिनं दोरा सोडून दुसऱ्या दंडात आवळला. चुलीवरची पेज शिजेपर्यंत त्या हातावरही ठिपके.

"आत्याबाय, ही देवी नाय. देवी काय दोऱ्याच्या हुकमानं येतात?"

"जीभ झडंल तुझी. गावात कुणाचं पोर गेलं, तर तुझ्याच नावानं खडे फोडतील."

"फोडू देत."

बैलगाडी कुणी देईना. यमूला पाठीशी बांधून ती चालत निघाली. सापगावाजवळ पोरीच्या नाकातून रक्त आलं ते थांबेना, पदर भिजला. तिथं ती रस्त्याकडेला बसली आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, सासूचंच खरं, मीच मारली पोर. देवीला म्हणाली, धरायचं तर मला धर. मग उठली. बसून तरी काय होणार होतं?

दवाखान्यात ठिपके बघून रांग पांगली. डॉक्टरांनी ठिपका बोटानं दाबला. तो मावळला नाही. पोट चाचपलं, पाणथरी म्हणजे प्लीहा वाढलेली. काचेवर रक्त घेऊन तपासलं. मग तिला समजेल असं सांगितलं: रक्त थांबवणारे बारीक कण असतात, हिवतापात ते कधी कधी फार कमी होतात, मग जरा आवळलं तरी कातडीखाली रक्त झिरपतं. लढाईपायी हिवतापावरचं औषध, कोयनेल, मोजकंच होतं, तरी दिलं. पोर जगेल का, ते मात्र बोलले नाहीत.

ताप उतरे, पुन्हा चढे. गुणाबाई दवाखान्याच्या ओट्यावर पडून असायची. अखेर एकदा यमूला दरदरून घाम फुटला आणि तिनं फोडणीचं सुकट मागितलं.

घरी आल्या तेव्हा डहाळा दाराला वाळून लोंबत होता. सकुबाईनं नातीचे दोन्ही दंड फिरवून फिरवून पाहिले. डहाळा ओढून काढला आणि आत वळली.

"उभी काय ऱ्हायलीस? लसूण सोल गो."

गुणाबाई लसूण सोलायला बसली. आत फोडणीचं तेल तापत होतं.