जाळीतला खिळा

डॉक्टरसाहेबांनी मेलेला बैल फाडायला सांगितला आणि मी समजलो, माझी परीक्षा सुरू झाली. एवढा गाढवपणा मी आयुष्यात पुन्हा केला नाही. प्रयत्न बरेच केले.

निजामाचं राज्य होतं. उमरग्याच्या जनावरांच्या दवाखान्यात एक उमेदवार घेणार होते. वर्षभर हाताखाली शिकायचं, मग पुढच्या शिक्षणाला हैदराबाद. मी उर्दूतून सातवी पास. पण माझा खरा अभ्यास शाळेबाहेरचा. गावातली मेलेली ढोरं ओढायची, सोलायची, हे आम्हा महारवाड्याच्या गळ्यात बांधलेलं काम. बा कातडं सोलायचा, तेवढीच त्या कामाची मजुरी; मी आत डोकवायचो. बैलाला चार पोटं असतात. आमच्यात माणशी एकच, तेही रिकामं, म्हणून मला त्याचं लई अप्रूप. दुसरं पोट आतून जाळीसारखं, तिसरं तर पुस्तकासारखं, पान पान सुटं. फुकट मिळालेलं माझं पहिलं पुस्तक. सगळं वहीत काढून ठेवायचो, उर्दूत नावं घालायचो. बाजारादिवशी नालबंदाजवळ बसून खुरं शिकलो. वाड्यातली पोरं मला 'हाडक्या हकीम' म्हणायची. मला ती पदवी वाटायची.

तर वही काखोटीला मारून, बाचं धुतलेलं धोतर नेसून गेलो. आवारात लिंबाखाली देशमुखाचा बैल मरून पडलेला. फुगलेला. डॉक्टरसाहेब लांब ओट्यावर, नाकाला अत्तराचा रुमाल.

"कुठला तू?"

गाव सांगितलं. वाडा सांगितला.

"बरा आलास. चीर ते."

साहेबांनी वही हातात घेतली नाही. जमिनीवर ठेवायला लावली. कारकुनानं काठीच्या टोकानं दोन पानं उलटली आणि काठी मातीत घासून पुसली. हेही मी पाहिलं. तरी चिरायला घेतलं. नीट, पदरापदरानं, मास्तरसारखं समजावून सांगत. ऐकणारा एकच होता, मेलेला बैल. नव्या कोटातला एक तरणा गडी भिंतीला धरून ओकत होता.

दुसऱ्या पोटात, जाळीत, बोटभर खिळा सापडला. चाऱ्यातनं गेलेला. टोक पार काळजात घुसलेलं. मी तो वर धरला आणि बैल कसा मेला ते अस्सल उर्दूत सांगितलं.

डॉक्टरसाहेबांनी मान हलवली. रजिस्टरात लिहिलं. शाळेत दाराबाहेर बसून लांबचं वाचायची मला सवय. लिहिलं होतं, मी स्वतः चिरून तपासलं. खाली त्यांची सही.

"साहेब, उमेदवारीचं?"

कारकून हसला. कोटवाल्याकडं बोट केलं. "उमेदवार ह्यो बघ. देशमुखांचा भाचा. आठवडा झाला घेऊन. तू आता हे ओढून ने, अन् जागा धुऊन काढ."

कोपरापर्यंत रक्त, शेण, नासलेलं पाणी. त्या वासाची मला कधी किळस आली नव्हती. किळस आली ती अत्तराची. नाक रुमालात आणि सही माझ्या कामावर. आणि माझीही आली. त्या रुमालानं एकदा मान हलवली, तेवढ्यावर मी शेपूट हलवत उभा होतो.

"कागदावर तुमी चिरलाय, साहेब. मंग ओढायचाबी तुमीच."

कारकून काठी घेऊन उठला. पण मला गाठायचं तर त्या घाणीत पाय घालावा लागला असता. तो तिथंच थांबला. मी वही उचलली. तिच्यावर माझी रक्ताची बोटं उमटली. मागं न बघता चालू लागलो.

बा दारातच बसला होता. त्याला सगळं सांगितलं. म्हणालो, "आता कुणाच्याबी हुकमानं आपल्या घरातलं कुणी मेलेलं ढोर वढणार न्हाय. म्या वही घेऊन सोलापूरला जातो, इंग्रजाच्या हद्दीत. दवाखान्याची दारं वाजवीन, झाडू मारीन. पण जित्या जनावराला हात लावीन. अन् म्या तपासलेल्याखाली नाव माझंच लागंल."

बानं माझे हात बघितले. मग धोतर बघितलं.

"कातडं कुठाय?"

"तिथंच."

"सात बुकं शिकला," बा म्हणाला, "अन् अख्खा बैल फुकट फाडून दिऊन आला. लई हुशार."