आयसोलेशनच्या दारातली निरगाठ

मी नर्स आहे. पेशंट गेल्यावर त्याच्या नाकात कापूस घालते, हात धुते आणि स्टाफरूममध्ये येऊन डबा खाते. त्यामुळे चाहूल, संकेत असल्या गोष्टींना माझ्याकडे कधीच थारा नव्हता. सासूबाई अमावस्येला लिंबू उतरवायच्या, तेव्हा मी म्हणायचे, "आई, त्याचं सरबत तरी करू या!" तरीही हे लिहितेय... कारण हे माझ्याच बाबतीत घडलं, आणि तेही भरदुपारी.

२००९ सालची गोष्ट. भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं खासगी हॉस्पिटल होतं. नाव लिहीत नाही. स्वाइन फ्लूची साथ जोरात होती आणि पहिल्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीचं आम्ही आयसोलेशन केलं होतं. मास्क तुटपुंजे — एकच एन-९५ पुन्हा पुन्हा वापरायचा. बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीत शेजारीण मला बघून लिफ्ट सोडून द्यायची. भीती आम्हालाही वाटायची, फक्त ड्युटीवर कोणी बोलून दाखवायचं नाही.

आत जाताना वरून गाऊन घालायचा. त्याचे बंद पाठीमागे असतात, ते दुसऱ्या कोणीतरी बांधावे लागतात. आमच्याकडे हे काम हिरामावशींचं. त्या आमच्या आयाबाई, राहायला मोरव्याला. तरुणपणी मिठागरावर पोत्यांची तोंडं बांधलेली, त्यामुळे त्यांचा हात कायम निरगाठच मारायचा. "मावशी, सुरगाठ मारा हो! ओढली की सुटली पाहिजे, नाहीतर काढताना हात सगळीकडे लागतात," असं मेट्रन कानीकपाळी ओरडायच्या. मावशी "बरा, बरा" म्हणायच्या आणि पुन्हा निरगाठ.

त्या दुपारी मी गाऊन चढवून आयसोलेशनच्या दारात उभी होते. आतल्या पेशंटचा घसा कफाने भरला होता, सक्शन करायचं होतं. पाठीमागून कोणीतरी बंद ओढून गच्च आवळले आणि कानाशी म्हणालं, "सांभालून जा गो बाय, दोन जिवांची हायस तू."

मी घाबरले वगैरे नाही. मला राग आला! लग्नाला बरीच वर्षं झाली होती, सगळे डॉक्टर करून झाले होते, आणि मूल हा विषय आम्ही नवरा-बायकोने घरात बंद करून टाकला होता. पाळीचंही नेहमीच मागेपुढे, त्यामुळे मनात शंकासुद्धा नव्हती. हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना हे ठाऊक होतं. मग असली मस्करी? चांगलं सुनावायचं म्हणून मी मागे वळले —

मागे कोणीच नव्हतं. कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला शायनी, माझी केरळची मैत्रीण, इंजेक्शन भरत उभी होती.

"मावशी कुठे गेल्या गं?"

"मावशी? वो तो कल से घर पे है. बुखार है ना उसको."

मी दाराची चौकट धरली. शायनी धावत आली. "चक्कर आ रहा है क्या? तू बैठ. मैं जाएगी." मी काही बोलायच्या आत तिने दुसरा गाऊन चढवला आणि ती आत गेलीसुद्धा.

मी गाऊन काढायला गेले तर बंद सुटेनात. शेवटी मेट्रनने कात्री लावली. "आता ही निरगाठ कोणी मारली?" त्या वैतागून म्हणाल्या.

संध्याकाळी आमच्याच लॅबमध्ये टेस्ट केली. पॉझिटिव्ह. मी तिथेच स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. गरोदर स्टाफला आत पाठवायचं नाही असं ठरलेलंच होतं. मेट्रनने दुसऱ्या दिवसापासून मला त्या मजल्यावरूनच हलवलं.

आणि शायनी... सक्शन करताना पेशंट तिच्या तोंडावर खोकला होता. मास्क वापरून वापरून सैल झालेला. आठवड्याच्या आत ती तापली आणि त्याच खोलीत ॲडमिट झाली. फुप्फुसं इतकी भरली की दोन वेळा आम्ही आशा सोडली होती. ती वाचली. पण आजही एक जिना चढली की तिला थांबावं लागतं.

बऱ्या होऊन कामावर आलेल्या हिरामावशींना मी विचारलं. "मी त घरान परलेली गो," त्या म्हणाल्या. "माना काय म्हाईत?" बाकी सगळ्यांनाही विचारून झालं. आम्ही सगळे तोंड बांधून फिरायचो, ओळखण्यात चूक होऊ शकते, मान्य. पण कोणीही 'मी' म्हणालं नाही. नवऱ्याचं म्हणणं, "बाईच्या शरीराला आधीच कळतं. तुझंच मन बोललं असेल." असेलही. पण स्वतःच्या पाठीवर निरगाठ स्वतः कशी मारायची, ते त्याने मला करून दाखवावं!

पोट दिसायला लागल्यावर मी शायनीला भेटायला गेले आणि पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. ती हसली नाही. तिने माझ्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "अच्छा हुआ, तेरे को किसी ने बोल दिया." आणि थोड्या वेळाने, रागाने नाही, लहान मूल विचारतं तसं — "पर मेरे को क्यों नहीं बोला?"

माझी मुलगी आता शाळेत जाते. तो आवाज कोणाचा होता ते मला आजही माहीत नाही, आणि खरं सांगू, नाही कळलं तरी चालेल. पण शायनीला द्यायला काहीतरी उत्तर हवं होतं हो. ते अजून सापडलेलं नाही.