होळीवर चढलेला पाळणा
नातीच्या बारशाला माझ्या दोन्ही मुलांनी नवा सागवानी पाळणा आणला आणि त्याच्या वार्निशच्या वासाने माझं डोकंच फिरलं, कारण मला झाशीच्या रेल्वे क्वार्टरमधली ती होळी आठवली. जवळच्याच बबीन्याहून दीर-जाऊ जेवायला आली होती, मी घामाघूम होऊन पुरणपोळ्या लाटत होते, आणि तिकडे माझ्या चिरंजीवांनी माळ्यावरचा पाळणा, माझ्या माहेरचा, कॉलनीच्या रचून ठेवलेल्या होळीत नेऊन टाकला. विचारलं तर धाकटा म्हणतो, "आई, अब उसमें कौन सोएगा?" मला तिसरा महिना होता आणि घरात अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. मी पिठाच्या हातांनी तशीच धावले, वरच्या फांद्या भिरकावल्या आणि पाळणा ओढून काढला. शेजारची म्हातारी ओरडली, "बहूजी, होली पे चढ़ी लकड़ी वापस नहीं लेते!" मी म्हटलं, "अभी जली कहाँ है?" तेवढ्यात आमचे हे आले. चार लोकांत शोभा नको म्हणून हसत हसत "लाकूडच तर आहे" म्हणाले, आणि माझ्या हातातला पाळणा काढून घेऊन स्वतः पुन्हा ढिगावर ठेवला. मुलांवरचा राग दोन दिवसांत गेला. पुढे लेक झाली, हे नवा पाळणा आणतो म्हणाले, पण मी आणू दिला नाही. जुन्या लुगड्याच्या झोळीत वाढवली तिला. आज तिच्याच मुलीला पाळण्यात घातलं, तसे हे मोठ्या कौतुकाने दोरी धरायला उठले. भरल्या घरात मी म्हणाले, "तुम्ही हात लावायचा नाही."